कुत्र्यालाबी थंडी वाजते: साताऱ्याच्या हिवाळ्यात फिरायला नेताना

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. डिसेंबर संपत आला होता, सकाळी साडेसहाला मी आमच्या चिंगीला घेऊन संगम माहुलीला गेले, नदीकडच्या रानात मोकळं पळायला मिळतं म्हणून तिला तिथं लय आवडतं. चिंगी म्हणजे गावठी कुत्री, तेव्हा आठ-नऊ महिन्यांची, अंगानं सडसडीत, केस एवढे आखूड की पाठीवरून हात फिरवला तर बरगड्या हाताला लागतात. बगळ्याच्या मागं पळता पळता ती पाटाच्या पाण्यात पडली, आपली आपणच बाहेर आली, अंग झाडलं, शेपटी हलवली, मी म्हटलं चला काही झालं नाही, आणि तशीच ओली तिला स्कूटरवर पुढं उभी केली आणि गोडोलीपर्यंत घेऊन आले. घरी आली तेव्हा लटलटा कापत होती. गोधडी टाकली अंगावर. वीसेक मिनिटांनी कापणं थांबलं आणि मला हायसं वाटलं, म्हटलं आली ऊब एकदाची. सासरे तिच्यापाशी बसले होते, ते म्हणाले, "अगं, ही हाक मारली तर कानबी हलवंना की."

हिरड्या बघितल्या तर पांढुरक्या झालेल्या. उठवलं तर मागचे पाय लटपटत होते. रिक्षानं डॉक्टरांकडं नेली, त्यांनी थर्मामीटर लावला, ९६ आलं.

आता ९६ म्हणजे काय ते सांगते, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. माणसाचं नॉर्मल ९८.६ फॅरनहाइट, कुत्र्याचं आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ च्या मधे. म्हणजे कुत्र्याच्या अंगाला हात लावल्यावर ते आपल्याला कोमट लागणं हेच नॉर्मल. ९९ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, म्हणजे शरीर आतून गार पडायला लागलंय. चिंगी त्याच्याही खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले की कापणं दोन कारणांनी थांबतं, एक तर ऊब आल्यावर किंवा मग कापायची ताकदच संपल्यावर, आणि कुठलं ते कुत्र्याच्या डोळ्यांकडं बघून कळतं. चिंगी वाचली, दुपारपर्यंत उठून बसली, पण त्या दिवसापासून मी हे सगळं नीट समजून घ्यायला लागले आणि आज तेच लिहितेय, कारण आपल्याकडं सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, कुत्र्याला कसली थंडी, देवानं त्याला केस दिल्यात की. आणि दुसरं, साताऱ्यात कुठं बर्फ पडतंय.

बर्फ पडत नाही हे खरंय. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बाराच्या आसपास येतो, एखाद्या कडक आठवड्यात आणखी खाली. धडधाकट कोरड्या कुत्र्याला दहा अंश म्हणजे काहीच नाही. परदेशातल्या माहितीत साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की नाजूक कुत्र्यांची काळजी घ्या आणि शून्याच्या खाली बारक्या कुत्र्यांना बाहेर जास्त वेळ ठेवू नका असं असतं, ते वाचून वाटतं आपल्याला काय करायचंय. पण चिंगीला गार पाडलं तेव्हा फोनवर ११ अंश दाखवत होतं. म्हणजे आकडा बघून काही उपयोग नाही. बघायचं ते हे, की कुत्रं ओलं आहे का, वारा किती लागतोय, जमीन कशी आहे, आणि कुत्रं स्वतः कसलं आहे.

याच्यामागचं गणित घरखर्चासारखंच आहे. शरीर ऊब कमावतं आणि बाहेर ऊब खर्च होते. कमाई होते खाण्यातून आणि स्नायूंच्या हालचालीतून, पळणं ही कमाई आणि कापणं हीसुद्धा कमाईच, कापणं म्हणजे स्नायू जाग्यावर बसून भराभर आखडतात आणि सैल होतात, त्यातून उष्णता तयार होते. जोवर खर्च कमाईइतका आहे तोवर थर्मामीटरचा आकडा हलत नाही. खर्च वाढला की शरीर आधी काटकसर करतं, कातडीतलं आणि पायातलं रक्त कमी करून पोटाकडं, हृदयाकडं वळवतं (हिरड्या पांढुरक्या पडतात त्या म्हणूनच), मग कापायला लागतं, आणि कापूनही भागेना की शिल्लक संपते. बारक्या पिल्लाकडं शिल्लक फार थोडी असते, साखर लवकर संपते, म्हणून ती लवकर गळपटतात.

खर्चाच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यातल्या दोन आपल्या इथं महत्त्वाच्या, पाणी आणि वारा.

केसांनी ऊब येते असं आपण म्हणतो पण खरं तर ऊब केसांची नसते, केसांमधे अडकलेल्या हवेची असते. गोधडीचंही तसंच, जुन्या लुगड्याच्या थरांमधे हवा धरून ठेवलेली असते म्हणून ती गरम वाटते. गोधडी ओली केली की संपलं, हवा जाते आणि तिथं पाणी बसतं, आणि पाणी हवेच्या तुलनेत साधारण पंचवीस पटीनं जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. ओलं कुत्रं म्हणजे ओली गोधडी पांघरलेलं कुत्रं. शिवाय ते पाणी सुकताना अंगातलीच ऊब घेऊन सुकतं, मडक्यातलं पाणी गार होतं ना तसंच. म्हणून चिंगीचं पाण्यात पडणं एवढं महागात गेलं.

आणि वारा. बशीतल्या चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा चहाच्या वर बसलेली गरम हवा उडवून लावतो, तिथं नवी गार हवा येते, ती तापते, परत उडवतो. कुत्र्याच्या अंगाभोवती पण असाच गरम हवेचा एक पातळ थर असतो. वारा आला की तो उडतो. स्कूटरवर मी चाळीसच्या स्पीडनं आले म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरचा वारा मी स्वतःच तयार केला. माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी हिशोब मांडतात त्याप्रमाणं १० अंश तापमान आणि एवढा वारा असेल तर ते ६ अंशासारखं झोंबतं, आणि हे कोरड्या चेहऱ्याचं झालं, ओल्या कुत्र्याचं तर विचारूच नका. आपल्याकडं कुत्र्याला ॲक्टिव्हावर पुढं उभं करून न्यायची पद्धत सगळीकडं आहे, यवतेश्वरच्या घाटानं वर जाताना रोज सकाळी दिसतात, आपण जर्किन, कानटोपी, हातमोजे घालून आणि पुढं कुत्रं उघडं, सगळा वारा छातीवर घेत उभं. त्याला मजा वाटते, जीभ बाहेर काढून बघत असतं, पण आखूड केसाचं असेल तर हिवाळ्यात तेवढं टाळा. न्यायचंच असेल तर छातीपोटाला जाडसर कपडा गुंडाळा आणि सावकाश चालवा.

वर चढताना अजून एक. उंची वाढली की हवा गार होत जाते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा सहाशे मीटरनं तरी उंच आहे, म्हणजे वाऱ्याचा विचार न करताच चारेक अंशांचा फरक. रविवारी कुत्र्याला घेऊन वर जाणाऱ्यांनी गाडीत एक कोरडा टॉवेल ठेवायलाच पाहिजे, वेण्णा लेकच्या काठाला कुत्रं पाण्यात जाणार नाही असं होत नाही.

वेण्णा लेकवरून आठवलं, दर हिवाळ्यात पेपरात येतं की लेकच्या परिसरात, लिंगमळ्याला दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसले, आणि त्याच बातमीत तापमान मात्र शून्याच्या बरंच वर लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं पेपरवाले फेकतात. तसं नाहीये. हवामानाचं तापमान मोजतात ते जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. पण निरभ्र आणि बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता थेट वर आकाशात सोडून देतात, त्यामुळं गवताच्या उंचीवर हवा त्या पेटीपेक्षा कितीतरी अंशांनी गार असते. झाडाखाली लावलेल्या गाडीवर दव कमी पडतं आणि मोकळ्यात लावलेली गाडी भिजलेली असते, ते यामुळंच. आता चिंगीचं पोट जमिनीपासून किती वर असतं? फूट-सव्वा फूट. डॅशुंड किंवा पग असेल तर विचारूच नका, तो गवतातच चालतोय. आपलं डोकं वेगळ्या हवेत असतं आणि कुत्र्याचं पोट वेगळ्या. त्यात पोटाला केस कमी, आणि दवाच्या गवतातून दहा मिनिटं चाललं की पोट, छाती, मांड्यांची आतली बाजू सगळी ओली. पाटात न पडतासुद्धा कुत्रं असं भिजतं आणि आपल्याला कळत नाही कारण पाठ कोरडी असते. फिरून आल्यावर पाठीवर नाही, पोटाखाली हात लावून बघा.

मग फिरायला कधी न्यायचं? आपल्याला वाटतं मध्यरात्री सगळ्यात जास्त थंडी असते आणि पहाटेपासून कमी व्हायला लागते. उलट आहे. जमीन रात्रभर गारच होत जाते, सूर्य उगवून त्याची ऊब जमिनीच्या खर्चापेक्षा जास्त होईपर्यंत, त्यामुळं सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या सुमाराला असते. जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातच्या पुढं उगवतो. सहा-साडेसहाला निघणारे आपण अगदी बरोब्बर सगळ्यात गार वेळेला बाहेर पडतो. त्यातून सातारा म्हणजे एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वर, गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात साठते, नदीकाठी तर जास्तच. माहुलीला गोडोलीपेक्षा गारठा जास्त जाणवतो तो मनाचा खेळ नाही. आणि ह्याच साठलेल्या हवेत धूरही अडकतो, रानात पेटवलेलं पाचट, कोपऱ्यावर जाळलेला कचरा, शेकोट्या, सगळा धूर खाली बसून राहतो आणि कुत्र्याचं नाक त्यातच असतं. आठला निघालात तर दव उतरायला लागलेलं असतं, धूर उठलेला असतो, दिसायला लागलेलं असतं. ज्यांना नोकरीमुळं जमत नाही त्यांनी पहाटे दहा मिनिटं शी-शू पुरतं डांबरी रस्त्यानं न्यावं आणि मोठी चक्कर संध्याकाळी उन्हं असताना मारावी. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक ह्या एका बदलानं पडतो, स्वेटरबिटर नंतर.

कुत्रं कसलं आहे हे आता बघू. उकडलेला मोठा बटाटा आणि बारकी बटाटी एकदम ताटात काढा, बारकी आधी गार होतात, कारण त्यांच्या आतल्या मालाच्या मानानं साल जास्त असते. पॉमेरियनच्या पिल्लाचं आणि लॅबचं तसंच. मग केस. लॅब, जर्मन शेफर्ड, पॉम, हस्की ह्यांना दोन थर असतात, वरचे राठ केस आणि खाली मऊ लोकर, ती लोकर हवा धरते. आपल्या गावठी कुत्र्यांना बहुतेकदा ती लोकर नसते किंवा नावाला असते, डॉबरमन आणि पगचंही अंग लवकर गारठतं. आणि आपल्या भागात, म्हणजे माणदेशात आणि खाली जतपर्यंत, कारवानी आणि मुधोळ पाळणारे पुष्कळ आहेत. मुधोळवर २००५ साली पोस्टानं तिकीटसुद्धा काढलंय. ही कुत्री पळायला बनलेली, अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. पळताना गरम राहतात, पण पळून झालं की पाच मिनिटात गार पडतात, आणि पहाटे रानात पळवून झाल्यावर मालक टपरीवर चहा पीत गप्पा मारतो तेव्हा हे कुत्रं बाजूला, अंगावर गुंडाळी नाही, वाऱ्यात उभं. खरी गरज त्यांना त्या वेळेला असते. पळून झालं की लगेच अंगावर घोंगडं टाका.

हस्कीवाल्यांना काही सांगायची गरज नाही, त्यांचा हाच बरा सीझन आहे.

म्हाताऱ्या कुत्र्यांचं वेगळं. आमच्या शेजारच्यांचा ब्राउनी लॅब आहे, अकरा वर्षांचा, केस भरपूर, चरबी पण भरपूर, त्याला गारठा लागत नाही पण सकाळी उठताना मागचे पाय उचलत नाहीत. वयानं सांध्यातली गादी झिजलेली असते आणि गारठ्यात सांधे अजून आखडतात, माणसाचं दुखणं आणि कुत्र्याचं दुखणं ह्यात इथं काहीच फरक नाही, फक्त ते सांगत नाही. ब्राउनीच्या काकूंनी एक छान केलंय, त्याला उठल्या उठल्या जिन्यावरून खाली नेत नाहीत, आधी घरातच पाच मिनिटं इकडून तिकडं फिरवतात, मांड्या हातानं हलक्या चोळतात, मग बाहेर. आणि एक मोठी चक्कर न मारता दोन बारक्या. थायरॉइड कमी असणारी, किडनी किंवा साखरेचा त्रास असणारी कुत्री पण ह्याच यादीत धरा, त्यांची ऊब कमावण्याची ताकद कमी झालेली असते. आणि कृपा करून दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते.

पंजांबद्दल लोक नेहमी विचारतात, की आपल्याला पायात मोजे लागतात, हे बिनचपलेचं एवढ्या गार फरशीवर कसं उभं राहतं. ह्याचं उत्तर मला फार आवडतं. घरात बंब असेल तर असं समजा की बंबातून बाहेर येणारी गरम पाण्याची नळी आणि आत जाणारी गार पाण्याची नळी एकमेकींना चिकटवून बांधल्यात. गरम नळीची ऊब बाजूच्या गार नळीला मिळते, आणि बंबात गार पाणी जायच्या ऐवजी कोमट पाणी जातं. कुत्र्याच्या पंजात अगदी हेच आहे, पंजाकडं रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या आणि परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना बिलगून असतात, गरम रक्त जाता जाता परत येणाऱ्या गार रक्ताला तापवतं, त्यामुळं पंजा गार पडला तरी त्याची गारी पोटापर्यंत पोचत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली मायक्रोस्कोपखाली ही रचना दाखवून दिली. पेंग्विनच्या पायात पण असंच असतं. म्हणजे साताऱ्यातल्या थंडीत कुत्र्याला बूट घालायची गरज नाही, उगाच पैसे घालवू नका. पंजाला भेगा पडतात त्या गारठ्यापेक्षा कोरड्या हवेनं, रात्री थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळलं तर बास, थोडंच लावा, चाटून पोटात जास्त गेलं तर जुलाब होतात.

पंजाचा आपल्याकडचा खरा वैरी कुसळ आहे. पावसाळ्यातलं डोंगरावरचं गवत दिवाळीनंतर वाळतं, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, कुरणेश्वरच्या बाजूला, चार भिंतीकडं जाताना कुसळी गवत नुसतं टोचायला तयार असतं. कुसळाचं टोक सुईसारखं, त्याच्यावर मागं वळलेले बारीक केस, म्हणजे आत जातं पण मागं येत नाही. आणि त्याची लांब शेपटी ओलावा लागला की उलगडते, सुकली की पिळा घेते, बी स्वतःला जमिनीत घुसवून घेण्यासाठी ही सोय आहे. आता विचार करा, पहाटे दवानं ओलं झालेलं कुसळ बोटांच्या बेचक्यात अडकलं आणि घरी येऊन सुकायला लागलं, ते स्क्रूसारखं आत फिरणार. बोटांच्या मधे, कानात, काखेत. दोन-तीन दिवसांनी कुत्रं पाय चाटत बसतं, गाठ येते, पू होतो, आपण म्हणतो काय चावलं कुणास ठाऊक. कानात गेलं तर मान वाकडी करून डोकं झाडत राहतं, तेव्हा बड घालून स्वतः काढायला जाऊ नका, अजून आत जातं. डोंगरावरून आलं की पंजे उलटे करून बोटं फाकवून बघायचं, रोज, एवढं करा. चिमटा दारापाशीच ठेवलाय मी.

स्वेटर घालायचा का? आखूड केसाच्या, बारक्या, म्हाताऱ्या कुत्र्याला हो. लॅब-शेफर्डला नको, आधीच लोकर असलेल्यावर लोकर चढवली की ते चालताना तापतं, हापतं. स्वेटर छाती आणि पोट झाकणारा पाहिजे, बाजारात मिळणारे पुष्कळसे नुसती पाठ झाकतात आणि पाठीला खरं तर सगळ्यात कमी गरज असते. मी चिंगीला माझ्या मुलाचा जुना स्वेटर कापून घातला, बाह्यांत पुढचे पाय, चेनची बाजू पाठीवर, काखेत घासत नाही ना एवढं बघितलं. लोकर दवानं भिजली की ती पण ओली गोधडीच, त्यामुळं घरी आलं की पहिलं ते काढायचं आणि अंग पुसायचं. आंघोळीचंही तसंच, हिवाळ्यात महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दुपारी, कोमट पाण्यानं, आणि पार कातडीपर्यंत सुकल्याशिवाय बाहेर नाही. आणि हिवाळ्यात केस भादरू नका.

आता रस्त्यावरचं. भाद्रपदात गावची कुत्री माजावर येतात, साधारण ६३ दिवसांनी वितात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. त्या आया पिल्लांपायी कुणाच्याही अंगावर जातात, आपल्या कुत्र्यावर तर आधी, त्यांचं काही चुकत नाही. पिल्लं कुठं आहेत ते लक्षात ठेवून तो बोळ महिनाभर टाळायचा, आपल्या कुत्र्याचं रेबीजचं आणि बाकीचं लसीकरण झालेलं असायला हवं. सकाळी गाडी काढताना बॉनेटवर दोनदा थाप मारा आणि खाली वाकून बघा, इंजिनाच्या उबेला पिल्लं, मांजरं येऊन झोपलेली असतात.

त्याच गाड्यांखाली कधी कधी हिरवट-निळसर पाणी सांडलेलं दिसतं. ते कूलंट असतं, बऱ्याच कूलंटमधे इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, त्यामुळं कुत्रं चाटतं. बारक्या कुत्र्याला काही चमचे पुरतात. आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, उलट्या होतात, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि दोन-तीन दिवसात किडनी बंद पडते. चाटताना दिसलं तर लक्षणांची वाट न बघता तडक डॉक्टर.

ऊसाचा सीझन असतो ह्याच दिवसात. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, मागं लाल दिवा नसतो, कुत्र्याचा रंग काळा-तपकिरी. लिश आखूड धरा आणि पट्ट्याला रिफ्लेक्टरची टेप शिवा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. कराड-पाटणकडच्या लोकांना बिबट्याचं सांगायला नको, ऊसाच्या कडेनं अंधारात कुत्र्याला मोकळं सोडायचंच नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशोबानं, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. शेकोटीचं सुद्धा, विझलेली दिसते पण राखेखाली निखारा असतो, कुत्रं ऊब शोधत तिथंच जाऊन बसतं, पंजे भाजून घेतं.

शेवटी ते, जे मला त्या दिवशी माहीत पाहिजे होतं. कुत्र्याला गार वाजायला लागलं की ते आधी सांगतं: शेपटी पोटाशी घेतं, पाठ कुबडी करतं, एकेक पंजा आळीपाळीनं उचलून धरतं, चालता चालता थांबून घराकडं तोंड करतं. आपण "चल गं, आळशी कुठली" म्हणून ओढतो. ओढू नका, तिथूनच परत फिरा. मग कापणं सुरू होतं. कापतंय आणि हाकेला बघतंय तोवर गोष्ट हातात आहे. कापणं थांबलंय पण ते सुस्त आहे, पाय अडखळतायत, हिरड्या फिक्या, कान आणि पंजे बर्फासारखे, तर ती ऊब आलेली नाही. ऊब आलेलं कुत्रं उठतं, पाणी मागतं, आपल्या मागं मागं येतं.

घरी करायचं एवढंच. आधी कोरडं करा, दाबून दाबून, ओला पट्टा-स्वेटर काढून. कोरड्या गोधडीत गुंडाळा. गरम पाण्याची बाटली टॉवेलमधे लपेटून छातीपोटाच्या बाजूला ठेवा, पायांना नाही. पाय जोरानं चोळू नका, शेकोटीपाशी किंवा हीटरसमोर धरू नका, कारण पायातल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडल्या की तिथलं गार रक्त सगळं हृदयाकडं येतं आणि आतलं तापमान अजून पडतं. आधी धड, मग पाय आपोआप. शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तर कोमट गूळपाणी थोडं थोडं. ब्रँडी नाही, रम नाही. आपल्याकडं पिल्लाला झाकणभर देतात आणि ते गप पडलं की म्हणतात उबदार झालं. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, वरून हात लावला तर गरम लागतं, पण ती आतली ऊब बाहेर चाललेली असते, आणि रक्तातली साखर पडते ती वेगळीच. एक डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा घेऊन ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून शी-च्या जागी इंचभर, मिनिटभरात कळतं. ९९ च्या खाली असेल आणि अर्ध्या तासात वर येत नसेल तर डॉक्टर, आणि हाकेला बघत नसेल तर अर्धा तासही थांबू नका.

चिंगी आता पावणेतीन वर्षांची झाली. माहुलीला अजूनही जातो, पण रविवारी नऊला, आणि आता रिक्षानं. डिकीत ठेवायचा टॉवेल पिशवीत असतो, सासऱ्यांनी त्याच्या बरोबर एक गोणपाटाचा तुकडा दिलाय, ओल्या बांधावर ती बसली तर खाली घालायला. परवा ती परत पाटात उतरली, बगळा होताच. काठावरच दाबून पुसून काढली, पोटाखाली हात घालून बघितलं, कोरडं झालं होतं, मग सोडली.